पन्नीचा मायक्रॉन आणि धुळीचा मायक्रॉन

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: आठवडी बाजाराच्या दिवशी पथक आलं, किराणा दुकानदाराकडे पन्न्या, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पिशव्या, सापडल्या म्हणून पाच हजारांची पावती फाडून गेलं. त्याच रस्त्यानं दिवसभर कोळशाचे टिप्पर जातात, रस्त्यालगतच्या वावरातला कापूस काळा पडतो, लेकरांचा खोकला दिवाळीपासून होळीपर्यंत हटत नाही, त्यासाठी मात्र कुठलं पथक येत नाही. मग सरकारचं आधी काय आणि नंतर काय, हेच चुकतंय का? पन्नीबंदी नुसती दाखवण्यापुरती आहे का?

विदर्भातल्या वणी, राजुरा, वरोरा, घुग्घुस, उमरेड या कोळसा खाणींच्या पट्ट्यात मी २७ वर्षं हवेचे नमुने घेतले. यंत्र छतावर चढवायचं, रात्रभर राखायचं, कागद जोखायचा, अहवाल लिहायचा. त्या अनुभवावरून सांगतो: हो, क्रम चुकला आहे. गावातल्या माणसाचं आयुष्य पन्नीपेक्षा धूर आणि धूळ कितीतरी जास्त खातात. पण पन्नीबंदी नसती तर तेच पथक हवेच्या मागे लागलं असतं, असं समजू नका. पन्नीचं काम का होतं आणि हवेचं का अडतं, याची कारणं वेगवेगळी आहेत. ती कळली तर ग्रामपंचायतीनं नेमकं काय मागायचं तेही कळतं.

मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हा शब्द आज खेड्यातल्या प्रत्येक दुकानदाराला पाठ आहे, तो पन्नीमुळे. मुंबईत जुलै २००५ चा पूर आला, त्यानंतर राज्यानं ५० मायक्रॉनची अट घातली. पुढं केंद्रानं ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. हवेतली धूळही याच मापानं मोजतात. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. जाड धूळ नाकात, घशात अडकते आणि खाकरून बाहेर पडते. १० मायक्रॉनहून बारीक धूळ श्वासनळीत उतरते. २.५ मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात, त्यातले सर्वांत बारीक तिथून रक्तात मिसळतात. म्हणून दमा, खोकला एवढ्यावर भागत नाही. हृदयविकार, पक्षाघात, कमी वजनाची बाळं, हे सगळं या कणांशी जोडलेलं आहे. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. कुंपणाला अडकलेली पन्नी मात्र बसमधूनही दिसते, आणि सरकारच्या प्राधान्याचा मोठा भाग या दिसण्यात अडकलेला आहे.

देशभरच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या राज्यनिहाय रोगभाराच्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू हवेच्या प्रदूषणाशी निगडित होते. त्यातले सुमारे ९ लाख ८० हजार बाहेरच्या हवेतल्या बारीक कणांमुळे आणि सुमारे ६ लाख १० हजार घरातल्या धुरामुळे. घरातला धूर म्हणजे चूल. ६ लाखांचा तो आकडा मुख्यतः खेड्यांचा आहे, ताई.

आता पन्नीबंदी. २३ मार्च २०१८ ला राज्यानं अधिसूचना काढली, तीन महिन्यांनी, २३ जूनपासून, दंड सुरू झाला. पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने कैद. १ जुलै २०२२ पासून केंद्रानं एकदा वापरून फेकायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आणली. दंड सुरू झाल्यावर कागदावरचा हुकूम काही आठवड्यांतच गावच्या बाजारात पोचला. कारण सोपं आहे. या बंदीला सरकारच्या खिशातून फार काही जात नाही. दंड ज्याला होतो तो लहान दुकानदार आहे, तो वकील लावून वरच्या कोर्टात जात नाही. कारवाईचा फोटो त्याच दिवशी निघतो.

तरीही मी ती बंदी निरर्थक म्हणणार नाही. ज्यांच्या घरी ढोरं आहेत त्यांना विचारा. उकिरड्यावरची पन्नी गाय खाते, ती पोटात साठत जाते, जनावर रवंथ सोडतं आणि पोट फुगून मरतं. नाल्या तुंबतात, पावसाचं पाणी घरात शिरतं. माझी तक्रार वेगळी आहे. बंदी पिशवीवर आली, पण आपल्या गावात सगळ्यांत जास्त पडलेलं प्लास्टिक पिशवीचं नाही. पानठेल्यासमोरची जमीन पाहा. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घोटायचा आणि बांधून द्यायचा तो पातळ तुकडा, शाम्पूच्या पुड्या, चिप्सची पाकिटं, बियाण्याच्या आणि कीटकनाशकाच्या पिशव्या. पुड्या-पाकिटांची जबाबदारी नियमानं कंपन्यांवर आहे, पण त्या गोळा करायला गावात येतं कोण? म्हणजे पाच हजारांची पावती दुकानदाराला, आणि पाकीट बनवणारा मोकळा. अन्याय वाटतो तो इथे, आणि तो खराच आहे.

हवेच्या बाबतीत उलटं आहे. तिथे कारवाई करायची तर सरकारला स्वतःकडे बोट दाखवावं लागतं. खाणी बहुतेक सरकारी, वीज केंद्रांपैकी बरीच सरकारी, रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा किंवा जिल्हा परिषदेचा, टिप्परची परवानगी परिवहनकडे, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, जाळण्याचा विषय कृषी खात्याचा, जंगलातली आग वन खात्याची, चूल पुरवठा खात्याची. पन्नीला एक अधिसूचना पुरली. हवेसाठी या सगळ्यांना एका टेबलावर बसवावं लागतं, आणि विदर्भात तयार होणारी वीज राज्यभर लागते, म्हणून कोणी मोठा अधिकारी त्या टेबलाकडे फिरकत नाही. हे मी रागानं म्हणत नाही, वर्षानुवर्षं बैठकांना बसून पाहिलेलं आहे.

पैशाचा मागही बघा. जानेवारी २०१९ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणला. विदर्भातून त्यात नागपूर, चंद्रपूर, अमरावती आणि अकोला. चारही शहरं. तो कार्यक्रमच शहरांचा आहे, गावाला त्यात जागा नाही. पंधराव्या वित्त आयोगानं हवेसाठी वेगळा निधी दिला तोही १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांना. ग्रामपंचायतीला त्याच आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच्या, निधीतून पाणी आणि स्वच्छता यांवर खर्च करता येतो. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी ५ हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला माणशी ६० रुपये आहेत, आणि तालुक्याला प्लास्टिक प्रक्रिया केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत. आता हवेचं खातं शोधा. तुमच्या आराखड्यात ते सापडणार नाही. ग्रामसेवक हवेबद्दल बोलत नाही त्यामागे हेही एक कारण आहे. ज्या कामाला लेखाशीर्ष नाही, ते काम त्याच्या वहीत येणार कसं?

वीज केंद्रांच्या नियमात तर शहर आधी, खेडं नंतर, हे अगदी उघड लिहिलेलं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं कोळशावरच्या वीज केंद्रांना धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइड्स आणि पारा यांच्या कडक मर्यादा घातल्या, दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढत गेली. २०२१ मध्ये केंद्रांचे तीन गट पाडले: दिल्ली परिसर किंवा १० लाखांवरच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आत असलेली पहिल्या गटात; अतिप्रदूषित क्षेत्र किंवा हवेचे निकष न गाठणाऱ्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतली दुसऱ्या गटात; उरलेली तिसऱ्यात. जुलै २०२५ मध्ये या तिसऱ्या गटाला, चिमणीच्या उंचीची अट ठेवून, सल्फर काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. चिमणीतून काय निघतं यापेक्षा ती कोणत्या शहराजवळ आहे यावर गट ठरला. शहरापासून लांब, चारी बाजूंनी फक्त खेडी, म्हणजे सूट. सल्फर डायऑक्साइड हवेत थांबून राहत नाही, त्याचे पुढे बारीक सल्फेट कण होतात आणि ते वाऱ्यासोबत शेकडो किलोमीटर जातात. उंच चिमणी जवळच्या गावाला थोडा दिलासा देते आणि लांबच्या गावाला तोच माल पाठवते.

चंद्रपूरची गोष्ट वेगळी झाली, आणि ती का झाली ते समजून घेण्यासारखं आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले, चंद्रपूरला ८३.८८ मिळाले, देशात चौथा क्रमांक. त्या एका आकड्यानं नव्या उद्योगांवर बंधन आलं, कृती आराखडा आला, मोजणीची केंद्रं आली. धूर आदल्या वर्षीही तेवढाच होता. फरक पडला तो आकडा लिहिला गेल्यानं.

म्हणून मी तुमच्या प्रश्नाला असं उत्तर देतो: सरकारचा प्राधान्यक्रम मोजणीच्या मागून चालतो. तुमच्या गावाची हवा कोणी मोजलेलीच नाही, म्हणून ती कुठल्याच क्रमात नाही, ना आधी, ना नंतर.

मोजणी कशी होते ते थोडं सांगतो, कारण उद्या कोणी तुम्हाला "सगळं मर्यादेत आहे" असा कागद दाखवला तर काय विचारायचं हे ठाऊक असावं. जुन्या पद्धतीच्या यंत्रात काचेच्या तंतूंचा पांढरा कागद लावतात आणि त्यातून मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा ओढतात. आठ तासांत ५२८ घनमीटर. हवेत १० मायक्रॉनखालची धूळ घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम असेल, म्हणजे आपल्या देशाच्या २४ तासांच्या १०० च्या मर्यादेच्या दुप्पट, तरी कागदाचं वजन जेमतेम एक दशांश ग्रॅमनं वाढतं. कागद नीट वाळवला नाही, हात लागला, पावसाळी हवेत जोखला, की आकडा बिघडतो. आणि मधे वीज गेली तर तो दिवसच बाद. राष्ट्रीय कार्यक्रमात आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ दिवस मोजायचं असतं. भारनियमन असलेल्या गावात १०४ दिवस जुळवणं किती कठीण, ते मी भोगलेलं आहे. जनरेटर लावावा तर त्याचाच धूर कागदावर बसतो, म्हणून तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडे जातो तिकडे, लांब ठेवून वायर ओढावी लागायची. या अडचणींमुळे केंद्रं शहरांत, तालुक्याच्या ठिकाणी आणि औद्योगिक वसाहतींतच जास्त झाली. खेडं सुटलं.

तेव्हा कागद हातात आला की चार गोष्टी बघा. यंत्र कुठे मांडलं होतं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला की खालच्या? कोणत्या महिन्यात? पावसाळ्यातला आकडा हिवाळ्याची हवा सांगत नाही. टिप्पर त्या दिवशी चालू होते का? आणि किती दिवसांची सरासरी? एका दिवसाचा कागद कोणत्याच बाजूनं पुरावा नसतो.

कागदाचा रंगही बोलतो. खाणीच्या रस्त्यालगतच्या गावातला कागद काळा-करडा निघायचा. नांगरटीच्या दिवसांत मातीचा तपकिरी. आणि खाणीपासून २०-२५ किलोमीटर आतल्या, एकही कारखाना नसलेल्या गावात, जानेवारीतला कागद पिवळट काळा आणि धुरकट वासाचा. पहिल्यांदा मला वाटलं नमुना खराब झाला. पुन्हा घेतला, तसाच आला. ती चूल होती, शेकोटी होती आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पेटवलेली पऱ्हाटी होती. हिवाळ्यात संध्याकाळी जमिनीलगतची हवा गार होते, वरची तिच्यापेक्षा ऊबदार राहते, आणि गावावर झाकण ठेवल्यासारखं होतं. धूर वर जातच नाही, घरांच्या उंचीवर पसरून राहतो. सातच्या सुमारास टेकडीवरून पाहिलं तर पांढरा पट्टा दिसतो, लोक त्याला धुकं म्हणतात.

अशाच एका गावात शाळेच्या छतावर यंत्र लावलेलं असताना एका म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं होतं, "बापू, हे मशीन माह्या चुलीपाशी काहून नाही मांडत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला पैसे खाणीची हवा मोजायचे मिळत होते. तिच्या चुलीशेजारी बारीक कणांचा आकडा स्वयंपाकाच्या वेळी घनमीटरला शेकडो मायक्रोग्रॅम निघाला असता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये वर्षाची सरासरी ५ असावी असं सुचवलं आहे आणि आपली मर्यादा ४० आहे. त्या बाईचं ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही.

आणि पन्नी व हवा यांची गाठ पडते ती इथेच. गावात घंटागाडी रोज येत नाही. दुकानातून आलेली पन्नी, खर्ऱ्याचा तुकडा, पाकीट, हे शेवटी जातं कुठे? सकाळी आंघोळीचं पाणी तापवायला अंगणात जी चूल पेटते, तिच्यात. गॅस असलेल्या घरांतही पाणी बहुधा पऱ्हाटी-तुराट्यांवरच तापतं, आणि ओली पऱ्हाटी लवकर पेटावी म्हणून खाली पन्नी लावतात. जळत्या प्लास्टिकचा काळा धूर म्हणजे अतिबारीक काजळी. त्यात पीव्हीसी असलं, तुटका पाइप, चपलेचा तळवा, वायरचं आवरण, तर डायऑक्सिनसारखी विषं तयार होतात. ती पाणी तापवणाऱ्या बाईच्या आणि तिथेच शेकत बसलेल्या लेकराच्या अंगात जातात. कचरा उघड्यावर जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनी मनाई केलेली आहे. पण नुसती मनाई करून कचरा नाहीसा होत नाही. उचलायची सोय नसेल तर जाळणं हीच गावाची सोय होते. पन्नी बाजारात आली नाही तर ती चुलीतही जाणार नाही. म्हणून मी तुम्हाला बंदीच्या विरोधात उभं राहू नका म्हणतो. बंदीच्या जोडीला उचलण्याची मागणी करा. माणशी ६० रुपयांचा तो निधी त्याचसाठी आहे.

गॅसबद्दल थोडक्यात. मे २०१६ मध्ये उज्ज्वला सुरू झाली आणि जोडणी घरोघर पोचली, हे मोठं काम झालं, मी मान्य करतो. अडतं ते पुढच्या टाकीला. सोयाबीनचे पैसे हातात आले की टाकी येते, उन्हाळ्यात पुन्हा सरपण. २०२४ पासून राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत पात्र घरांना वर्षाला तीन टाक्या मोफत आहेत. पाच माणसांच्या घराला तीन टाक्यांत वर्ष निघत नाही, पण त्या हिवाळ्यात वापरल्या तर सर्वांत वाईट हवेच्या दिवसांत चूल बंद राहते. बचत गटाच्या बैठकीत एवढं सांगितलं तरी फरक पडेल.

पऱ्हाटीचं म्हणाल तर शेतकऱ्याला दोष देऊ नका. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुढं राखलेलं कापसाचं पीक, घेऊ नका, पऱ्हाटी शेतातून काढा, असं कृषी खातंच सांगतं. मजूर मिळत नाही, पुढच्या पिकाची घाई असते, म्हणून काडी लागते. तालुक्यात कुट्टी करणारं यंत्र भाड्यानं मिळालं तर बहुतेक जण जाळणार नाहीत.

आता टिप्परची धूळ, जिथून तुम्ही सुरुवात केली. इथे तुमच्या हातात वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे खाणीला मिळालेल्या मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी लागते आणि ती ३० दिवस फलकावर लावायची असते. जुन्या फायली काढा. त्या मंजुरीत अटी असतात: ताडपत्री झाकणं, रस्त्यावर पाणी मारणं, चाकं धुणं, झाडांचा पट्टा. अटी पाळल्याचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. तो मागवा. "धूळ फार होते" या अर्जाला कोणी विचारत नाही. "मंजुरीतली अमुक क्रमांकाची अट अमुक तारखांना पाळली गेली नाही, सोबत वेळेसह फोटो" या अर्जाला उत्तर द्यावंच लागतं. माझ्या डोळ्यांसमोर एका गावानं असं केलं आणि पंधरवड्यात पाण्याचा टँकर दिवसातून चार फेऱ्या मारू लागला.

पैसाही आहे. २०१५ पासून प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, खाणींकडून येणारा पैसा खाणबाधित भागावर खर्च करणारी संस्था. त्याच्या निधीतला मोठा वाटा, २०१५ च्या सूचनांत किमान ६० टक्के, पाणी, आरोग्य, शिक्षण आणि प्रदूषण नियंत्रण अशा कामांना ठेवायचा असतो. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर इथं या निधीतून सभागृहं आणि रस्ते मागितले जातात, हवा मोजायचं यंत्र मागणारा ठराव मी क्वचितच पाहिला.

तो ठराव तुम्ही २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घ्या. उशीर केला तर हिवाळा हातचा जाईल. ठरावात तीन जागा लिहा: रस्त्यालगतची शाळा, गावाच्या मधोमध एक घर, आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाचं शिवार, म्हणजे गावाबाहेरून येणारी धूळ आणि गावातली धूळ वेगळी करता येईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मोजणी मागा. स्वस्त लेझरचं छोटं यंत्र कोणी देऊ केलं तर घ्या, पण एक लक्षात ठेवा: ते धुराचे बारीक कण बरे मोजतं, रस्त्याची जाड धूळ कमी दाखवतं, आणि धुक्याच्या दमट सकाळी उगाच जास्त दाखवतं. म्हणून रस्त्यालगत वजनाच्या कागदाचं यंत्रच लागेल, आणि त्याच्यासाठी शाळेच्या छतावर न जाणारी वीज. ठरावात ती वीजही लिहून घ्या.